वरची पापणी उचला : विल्सनच्या आजारात बुबुळाचा फोटो कसा घ्यावा

विल्सनच्या आजारात, म्हणजे शरीरात तांबं साठत जाणाऱ्या आनुवंशिक आजारात, बुबुळाच्या कडेने तांब्याची जी अंगठी दिसते, ती वरून सुरू होते. घड्याळात बारा वाजतात त्या जागी. आणि आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यांत नेमकी ती जागा वरच्या पापणीखाली झाकलेली असते. त्यामुळे रुग्णाला सरळ समोर बघायला लावून काढलेला फोटो कितीही स्वच्छ आला, तरी या आजारापुरता तो अर्धाच फोटो असतो. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी माझं लिहिणं कामी आलं असं मी समजेन.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी आहे. चष्म्याचे नंबर, मोतीबिंदूची शिबिरं, शाळा तपासणी हे आमचं रोजचं काम. विल्सनचा रुग्ण त्यात क्वचितच येतो, आणि आलाच तर डोळ्यांसाठी येत नाही. त्याला नीट दिसतं, डोळा दुखत नाही, लाल होत नाही. तो येतो कारण कुणीतरी डॉक्टर चिठ्ठीवर ‘केएफ रिंग आहे का पाहा’ असं लिहून पाठवतात. केएफ रिंग म्हणजे कायसर-फ्लायशर रिंग, हीच तांब्याची अंगठी. तालुक्याच्या ठिकाणी एक स्लिट लॅम्प (बारीक फटीतून प्रकाश टाकून डोळा मोठा करून दाखवणारं मशीन) आणि खिशातला मोबाईल एवढ्यावर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांसाठी, आणि ऑप्टोमेट्री शिकणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहिते आहे.

आजार थोडक्यात

अन्नातून येणारं जास्तीचं तांबं लिव्हर पित्तावाटे बाहेर टाकतं. हे काम ज्या प्रथिनामुळे होतं त्याचं जनुक एटीपी७बी, तेराव्या गुणसूत्रावर असतं. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली की तांबं बाहेर जाईनासं होतं. आधी ते लिव्हरमध्ये साठतं, मग रक्तातून मेंदूत आणि डोळ्यात जातं. बर्नहार्ड कायसर आणि ब्रुनो फ्लायशर या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी अंगठीचं वर्णन १९०२ आणि १९०३ मध्ये केलं. किन्नियर विल्सन यांनी लंडनहून आजाराचं वर्णन लिहिलं ते १९१२ मध्ये. म्हणजे डोळ्यातली खूण आजाराच्या नावाआधी सापडली होती.

जगभरात साधारण तीस हजारांत एकाला हा आजार असतो असं मानतात. आपल्याकडे मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी नात्यातली लग्नं अजून होतात, आणि दोन्हीकडून एकच बिघडलेली प्रत येण्याची शक्यता अशा घरांत वाढते. त्यामुळे मी केसपेपरवर आईवडिलांचं लग्नाआधीचं नातं विचारून लिहितेच. लोक संकोचत नाहीत. ‘मामाचीच हाय की’ असं सहज सांगतात.

कुणाचे फोटो घ्यायचे? ज्या मुलाला वारंवार कावीळ होते किंवा पोटात पाणी झालंय आणि लिव्हरचं कारण सापडत नाही, त्याचे. आठवी-नववीतल्या ज्या मुलाचं अक्षर अचानक बिघडलंय, हात कापतात, तोंडातून लाळ गळते, बोलणं जड झालंय, त्याचे. तरुण मुलाचा स्वभाव एकाएकी बदलला, चिडचिड वाढली आणि सोबत हातपाय ताठरले, त्याचे. एक आई मला म्हणाली होती, “मॅडम, लेकरू मोत्यावाणी लिहीत व्हतं, आता पाटीवर रेघ बी सरळ येईना. हात नुसता कापायलाय.” अशी लेकरं आमच्याकडे पोचायच्या आधी बऱ्याचदा बाहेरचं आहे म्हणून देवऋष्याकडे जाऊन आलेली असतात. त्यावरून घरच्यांना बोलू नका. ते तुमच्या खोलीत आले आहेत, तेवढ्या वेळात काम करून घ्या.

खोली आणि मशीन

खोली अंधारी हवी. आमच्याकडे खिडकीला काळं कापड आणि दाराच्या फटीला जुनी चादर आहे, तेवढं पुरतं. मराठी माणसाचं बुबुळ तपकिरी, अंगठीही तपकिरी-सोनेरी, कधी हिरवट झाक असलेली. मागच्या तपकिरी पडद्यावर उजेड पडला की पुढची तपकिरी कडा त्यात विरून जाते. खोली जितकी काळोखी आणि प्रकाशाची फट जितकी बारीक, तितकी अंगठी सुटी दिसते. निळ्या डोळ्यांच्या रुग्णांचे पुस्तकातले फोटो पाहून आपल्याकडे तशी ठसठशीत अंगठी शोधायला जाऊ नका.

दोन्ही आयपीस (मशीनच्या डोळा लावायच्या नळ्या) शून्यावर आणा. तुमचा चष्म्याचा नंबर तुम्ही आयपीसवर फिरवून ठेवला असेल, तर तुम्हाला स्पष्ट दिसेल आणि मोबाईलला पुसट. आधी १० पट मोठं करून सगळा डोळा पाहा, मग १६ पट करून कडेवर जा. मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा. फोटो गुळगुळीत करणारे सगळे फिल्टर, नाइट मोड, एचडीआर बंद करा, कारण ही सोय कडेचा बारीक रंग पुसून टाकते. मुख्य कॅमेरा वापरा आणि त्याची काच मऊ कापडाने पुसा. मार्च ते जूनच्या धुळीत ती दर रुग्णाला पुसावी लागते. पडद्यावर कडेच्या जागी बोट दाबून ठेवलं की फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतो. मग सूर्याच्या खुणेवरून उजेड थोडा कमी करा. फोटो किंचित गडद आला तर चालेल. पांढरा भगभगीत फोटो मात्र वाया जातो, त्यातला रंग नंतर कुठल्याही खटपटीने परत येत नाही.

मोबाईल आयपीसला धरण्यासाठी प्लॅस्टिकचा अडॅप्टर मिळतो. तो असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात, आणि इथे एक हात पापणीसाठी लागतोच. अडॅप्टर नसेल तर पापणी धरायला सिस्टर किंवा मुलाची आई, आणि मोबाईल व जॉयस्टिक तुम्ही.

रुग्णाला बसवणं

हा भाग मी सगळ्यात सावकाश करते, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

मेंदूची लक्षणं असलेल्या रुग्णाचं डोकं, हनुवटी, हात कापत असतात. त्याला ‘हलू नकोस’ म्हणून उपयोग नाही. घाबरला की थरथर वाढते. स्टूल एवढ्या उंचीवर आणा की पाठ सरळ राहून हनुवटी आपोआप टेकेल. पाय जमिनीला टेकलेले हवेत, लोंबकळणारे नकोत. लहान मुलाच्या पायाखाली मी औषधांचं रिकामं खोकं ठेवते. कोपर टेबलावर टेकवायला सांगा आणि हातांनी मशीनचे दांडे धरू द्या. कपाळाची पट्टी सुटू नये म्हणून मागून आईने दोन्ही तळव्यांनी डोकं पुढे हलकं दाबून धरावं. लाळ गळत असेल तर हनुवटीखाली स्वच्छ रुमाल ठेवा आणि तो ठेवताना चेहऱ्यावर काही येऊ देऊ नका. या मुलांना सगळं कळत असतं. बोलता येत नाही म्हणून त्यांना समजत नाही असं धरून चालणारी माणसं त्यांनी खूप पाहिलेली असतात. मी आधीच ठरवून घेते: त्रास झाला तर टेबलावर टिचकी मार, मी लगेच थांबेन. आणि टिचकी वाजली की खरंच थांबते.

थरथर जास्त असेल तर फोटोचा नाद सोडा, व्हिडिओ घ्या. पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ, कडेवर फोकस ठेवून. त्यात एखाद-दोन क्षण तरी डोळा स्थिर सापडतो, आणि तेवढी चौकट नंतर काढून घेता येते. व्हिडिओचा अजून एक फायदा आहे. फट हलवत नेली की तांबं नेमकं कोणत्या थरात आहे हे पाहणाऱ्या डॉक्टरला हलत्या चित्रात जास्त नीट कळतं.

कोणते फोटो

पहिला फोटो सगळ्या डोळ्याचा, पसरट उजेडात, समोर बघताना. हा ओळखीपुरता.

दुसरा महत्त्वाचा. रुग्णाला खाली बघायला सांगा, ‘तुझ्या गुडघ्याकडे बघ’ म्हटलं की मुलांना पटकन कळतं. मग अंगठ्याने वरची पापणी मुळाशी, हाडाच्या कडेला उचलून धरा. डोळ्याच्या गोळ्यावर दाब देऊ नका. बुबुळाची वरची कडा आणि तिच्या वरचा थोडा पांढरा भाग एकाच फोटोत आला पाहिजे. पांढरा भाग दिसत नसेल तर पापणी पुरेशी उचललेली नाही.

तिसऱ्यासाठी वर बघायला सांगा, खालची पापणी खाली ओढा आणि सहाची जागा टिपा. अंगठी बाराच्या जागी सुरू होते, मग सहाच्या जागी येते आणि शेवटी दोन्ही बाजूंनी भरत जाऊन पूर्ण वर्तुळ होतं. त्यामुळे सुरुवातीच्या रुग्णात डाव्या-उजव्या बाजू एकदम स्वच्छ असू शकतात. या बाजूंचेही फोटो घ्या, कान आणि नाकाकडे बघायला लावून. ते लवकर होतात.

दोन्ही डोळ्यांचे घ्या. अंगठी बहुतेक वेळा दोन्हीकडे असते. एकाच डोळ्यात दिसली तर आपलं काही चुकतंय का, हे आधी तपासा.

आता फट. वरच्याच स्थितीत, पापणी उचललेली ठेवून, प्रकाशाची फट जमेल तितकी बारीक करा आणि दिव्याचा दांडा ४५ अंशांवर न्या. कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, उभा काप उजेडात दिसू लागेल, दोन कडांमध्ये धुरकट पट्टा. पुढची कडा पृष्ठभागाची, मागची कडा आतल्या बाजूची. विल्सनमधलं तांबं कॉर्नियाच्या सगळ्यात आतल्या भागात, डेसमेट नावाच्या पातळ पडद्यात बसतं. म्हणून ते पट्ट्याच्या मागच्या कडेला, लिम्बसजवळ (कॉर्निया आणि पांढरा भाग मिळतात त्या कडेजवळ), तपकिरी किंवा सोनेरी रेघेसारखं दिसलं पाहिजे. रंग पुढच्या कडेवर असेल, किंवा पट्ट्याच्या जाडीत मधेच पांढुरकं काही असेल, तर ते दुसरं काहीतरी आहे. माझ्या मते हा एक फोटो बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा आहे. रंगाबद्दल दोन माणसांचं मत वेगळं पडू शकतं, खोलीबद्दल सहसा पडत नाही.

फसवणाऱ्या गोष्टी

आपल्या भागात मला वारंवार फसवायला येते ती ॲलर्जी. उन्हाळ्यात डोळे चोळून चोळून लाल करणाऱ्या मुलांच्या लिम्बसवर तपकिरी रंग चढतो. वरून पाहिलं तर अंगठीच वाटावी. फट टाकली की हा रंग पृष्ठभागावर असल्याचं लगेच कळतं, आणि तो बुबुळाबाहेरच्या पांढऱ्या भागावरही पसरलेला असतो.

म्हाताऱ्या माणसांच्या बुबुळाभोवतीचं पांढुरकं कडं सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यात आणि लिम्बसमध्ये एक स्वच्छ पट्टी सुटलेली असते. तांब्याच्या अंगठीत अशी मोकळी पट्टी नसते. ती कडेपासूनच सुरू होते.

तिसरी गोष्ट नावाची. केराटोकोनसमध्ये, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा पुढे येतो त्या आजारात, शंकूच्या पायथ्याशी लोहाचं एक कडं दिसतं, त्याला फ्लायशर रिंग म्हणतात. ती लोहाची, पुढच्या थरातली आणि कडेपासून आत असते. केसपेपरवर घाईत नुसतं ‘फ्लायशर रिंग’ लिहिलं तर पुढचा डॉक्टर भलत्याच दिशेने जाईल. ‘कायसर-फ्लायशर’ असं पूर्ण लिहा.

आणि खरीखुरी, डेसमेटमध्ये असलेली अंगठीसुद्धा क्वचित पित्त तुंबून राहणाऱ्या इतर जुनाट लिव्हर आजारांत सापडते. त्यामुळे अंगठी दिसली म्हणून आपण निदान जाहीर करायचं नाही. जर्मनीतल्या लाइपझिगला २००१ साली ठरलेल्या गुणपद्धतीत अंगठीला २ गुण आहेत, आणि निदान पक्कं व्हायला एकूण ४ लागतात. बाकीचे रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), २४ तासांच्या लघवीतलं तांबं, मेंदूची लक्षणं, जनुक तपासणी यांतून येतात.

उलट बाजू जास्त धोक्याची. मेंदूची लक्षणं असलेल्या रुग्णांत अंगठी सुमारे ९५ टक्के जणांत सापडते. फक्त लिव्हरचा त्रास असलेल्यांत मात्र निम्म्याच्या आसपास, आणि लहान मुलांत त्याहून कमी. म्हणजे कावीळ झालेल्या दहा वर्षांच्या मुलात अंगठी नाही, एवढ्यावरून त्याला विल्सन नाही असं कुणीच म्हणू शकत नाही. तसं आपल्या चिठ्ठीतून चुकूनही ध्वनित होता कामा नये.

ओसीटी मिळत असेल तर

ओसीटी, म्हणजे प्रकाशाने डोळ्याच्या थरांचा काप दाखवणारं स्कॅन, म्हटलं की आपल्याला मागचा पडदा, डायबेटीसचे रुग्ण आठवतात. तेच मशीन पुढची भिंग-जोडणी लावून कॉर्नियाचा काप दाखवतं. मेडिकल कॉलेजच्या किंवा मोठ्या खाजगी दवाखान्याच्या ठिकाणी ते असतं. स्लिट लॅम्पवर शंका उरली, बुबुळ फारच गडद असलं, किंवा पुढे दरवर्षी मोजमाप ठेवायचं असलं, की मी रुग्णाला तिकडे पाठवते. अंबाजोगाईचं स्वाराती किंवा संभाजीनगरची घाटी या मेडिकल कॉलेजांसारख्या ठिकाणी बालरोग, मेडिसिन आणि नेत्र हे तिन्ही विभाग एकाच आवारात असतात. लिव्हरचं दाखवायला घरचे जाणारच असतात, तेव्हा एकाच फेरीत दोन्ही कामं व्हावीत अशी तारीख फोन करून ठरवते.

तिकडच्या तंत्रज्ञाला चिठ्ठीत नेमकं लिहा. नुसतं ‘ओसीटी करा’ लिहिलं तर मॅक्युलाचा, म्हणजे मागच्या पडद्याच्या मध्याचा, रिपोर्ट हातात पडतो. मी असं लिहिते: ‘पुढच्या भागाचा ओसीटी, बारा आणि सहाच्या लिम्बसवर उभी रेघ, डेसमेट पातळीवर चमक आहे का, असल्यास रुंदी.’

काढणाऱ्याने इथेही पापणी उचलायची आहे आणि रुग्णाला खाली बघायला लावायचं आहे. रेघ लिम्बसला काटकोनात जायला हवी, तिरकी गेली तर रुंदी खोटी मोठी येते. कॉर्नियाच्या मध्यावर किरण सरळ पडला की एक झगझगीत उभा पट्टा उमटतो. तो कडेवर येऊ देऊ नका, त्याखाली सगळं लपतं. तांबं असेल तर कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या कडेला चमकदार पट्टी दिसते आणि ती कडेकडून मध्याकडे जात विरते. डेसमेट जिथे संपतो तिथे निरोगी डोळ्यातही एक लहान चमकता ठिपका असतो. ठिपका वेगळा, पट्टी वेगळी. शंका आली तर त्याच मशीनवर दवाखान्यातल्या एखाद्या सहकाऱ्याच्या डोळ्याची त्याच जागची रेघ काढून शेजारी ठेवा. रुग्णाच्या भावाबहिणीची मात्र ठेवू नका, कारण त्यांच्यातही आजार असू शकतो. रंगीत चित्रासोबत राखाडी चित्रही छापून घ्या. रंग मशीनच्या कंपनीप्रमाणे बदलतात, राखाडीतली चमक सगळीकडे चमकच राहते.

ओसीटीचं मला आवडतं ते हे की डोळ्याला काही लागत नाही, थेंब लागत नाही आणि बुबुळाचा रंग आड येत नाही. अगदी सुरुवातीची अंगठी पाहायला गोनिओस्कोपी हा जुना आणि चांगला मार्ग आहे, पण त्यात डोळ्यावर भिंग टेकवावं लागतं. ते नेत्रतज्ज्ञांनी करायचं. कापणाऱ्या मुलासाठी ते सोपंही नसतं.

सूर्यफुली मोतीबिंदू

काही रुग्णांत भिंगाच्या पुढच्या आवरणावर तांबं बसून मधे चकती आणि भोवती पाकळ्या अशी नक्षी उमटते. बाहुली मोठी करून पसरट उजेडात एक फोटो घ्या. यामुळे नजर सहसा कमी होत नाही, आणि उपचाराने नक्षी विरूही शकते. म्हणून त्या मुलाचं नाव मोतीबिंदूच्या ऑपरेशन यादीत घालू नका. शिबिराच्या गर्दीत ‘मोतीबिंदू’ एवढाच शब्द पुढे सरकतो, त्यामुळे कागदावर लाल पेनने लिहा: ऑपरेशनसाठी नाही.

रिपोर्टात काय लिहायचं

‘केएफ रिंग निगेटिव्ह’ या तीन शब्दांवर माझा राग आहे. कोणी, कशाने, पापणी उचलून की न उचलता पाहिलं, काहीच कळत नाही. असं लिहा: स्लिट लॅम्पवर, १६ पट, बारीक फटीने, वरची पापणी उचलून पाहिलं. मग काय दिसलं ते. अंगठी असेल तर कोणत्या तासापासून कोणत्या तासापर्यंत, सलग की तुटक, रंग कोणता, रुंदी किती. रुंदी अंदाजाने लिहू नका. फट आडवी किंवा उभी करून तिची लांबी अंगठीच्या रुंदीएवढी कमी करत आणा आणि मशीनच्या पट्टीवर मिलिमीटर वाचा. नसेल तर ‘दिसली नाही, यावरून आजार नाही असं ठरत नाही, सेरुलोप्लाझ्मिन आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं तपासावं’ एवढं पूर्ण वाक्य लिहा. मी त्याचा शिक्काच करून घेतला आहे.

लघवीच्या तपासणीबद्दल घरच्यांना सांगायची वेळ आपल्यावरच येते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीची पहिली धरून सगळी गोळा करायची, लॅबने दिलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्येच. घरातला तांब्या किंवा डबा मधे वापरायचा नाही. आणि निदान झालं असेल तर तांब्याच्या हंड्यातलं, कळशीतलं पाणी त्या रुग्णाने प्यायचं नाही. आमच्याकडे तांब्याच्या भांड्यातलं पाणी आरोग्याचं म्हणून मुद्दाम पाजतात, त्यामुळे हे आजीलाच समोर बसवून सांगावं लागतं.

भावंडं

एका लेकराला आजार ठरला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. सगळ्यांना बोलवा, तान्ह्यालाही, जो धडधाकट खेळतोय त्यालाही. याच पद्धतीने फोटो घ्या. पण लक्षणं नसलेल्या भावंडांत अंगठी थोड्याच जणांत सापडते, म्हणून रक्त-लघवीच्या तपासणीशिवाय कुणालाही मोकळं करू नका. आजार लिव्हर किंवा मेंदू बिघडण्याआधी सापडला आणि औषध सुरू झालं, तर ते मूल शाळा, शेत, संसार सगळं करू शकतं. या भावंडांसाठी मी सुट्टीच्या दिवशीही खोली उघडते.

फोटो कुठे जातात

फोटो घेण्याआधी आईवडिलांना आणि कळत्या मुलाला विचारा. फक्त डोळा टिपा, चेहरा नको. फाइलला नाव देताना ओपीडी क्रमांक, तारीख, उजवा की डावा, वर की खाली, एवढंच. मत विचारायला नेत्रतज्ज्ञांना एकट्याला पाठवा, ग्रुपवर टाकू नका. तांड्यावर किंवा वस्तीवर ‘त्यांच्या घरात रोग आहे’ एवढी कुजबुज पसरली तर त्या घरातल्या मुलींची लग्नं अडतात. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून याबाबत मी कुणाचंही ऐकत नाही.

पुढचे फोटो

उपचार म्हणजे शरीरातलं तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन किंवा ट्रायन्टिन, किंवा आतड्यात तांबं अडवणारं झिंक. हे जन्मभर. औषध लागू पडलं की अंगठी महिन्या-वर्षांत फिकी होत जाते, आणि ज्या क्रमाने आली त्याच्या उलट क्रमाने जाते: आधी बाजू, मग खालचा भाग, सर्वांत शेवटी बाराची जागा. म्हणजे सुधारणा पाहतानाही पापणी उचलावीच लागते. समोरून पाहून ‘गेली’ म्हणाल आणि वर ती तशीच असेल. गेलेली अंगठी परत उमटली तर औषध सुटलंय अशी शंका घ्या, आणि रागावण्याआधी का सुटलं ते विचारा. अंगठी पूर्ण गेली तरी औषध थांबत नाही, हे प्रत्येक भेटीत सांगा. फोटो स्वच्छ आला की घरच्यांना आजार बरा झाल्यासारखं वाटतं.

तुलना व्हायची तर फोटो त्याच मशीनवर, तेवढ्याच मोठेपणाने, तेवढ्याच उजेडात हवेत. मी पहिल्या भेटीची मांडणी केसपेपरच्या मागे लिहून ठेवते: १६ पट, ४५ अंश, दिवा मधल्या खटक्यावर.

तारखा ठरवताना आपल्या भागाचं वेळापत्रक पाहा. आमच्याकडची अर्धी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सहा महिन्यांनी या असं सांगितलं आणि ती तारीख जानेवारीत पडली, तर रुग्ण कोल्हापूरकडच्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या फडात असतो. म्हणून मी वर्षातले दोन फोटो दसऱ्याच्या आधी आणि गुढीपाडव्यानंतर असे धरते. दसऱ्याच्या भेटीत हंगामभराच्या गोळ्या सोबत मिळतील का हे औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचं, आणि निघताना एक प्लॅस्टिकची पिशवी द्यायची. तिच्यात बारा आणि सहाच्या जागेचे दोन फोटो छापून ठेवते, सोबत चिठ्ठी. चिठ्ठीवर आजाराचं नाव, गोळीचं नाव आणि मात्रा, ‘गोळी एक दिवसही बंद करू नये’, आणि खाली आमच्या रुग्णालयाचा फोन नंबर, मोठ्या अक्षरात, कारखान्यावरच्या दवाखान्यात कुणालाही वाचता येईल असा.